पोटातला राखणदार

तासगावच्या शेडगेंच्या घरात पोट एकच होतं, हेमंतचं. त्याच्या बायकोला, वृषालीला, आणि मुलीला, ईश्वरीला, पोटं होती ती नुसती जेवण्यापुरती. हेमंतच्या पोटाला मात्र घरात एखाद्या तऱ्हेवाईक वडीलधाऱ्यासारखा मान होता. सकाळी उठल्याबरोबर त्याची विचारपूस व्हायची. भाजी कोणती करायची ते त्याच्या कलानं ठरायचं. लग्नाचं आमंत्रण आलं की आधी कार्यालयात संडास कुठं आहे याचा तपास, आहेराचं मग बघू.

हेमंत मोजणी खात्यात भूकरमापक होता. जमीन आता ड्रोन मोजायचे, पण बांधावर उभं राहून दोन भावांना त्यांची हद्द पटवून द्यायला माणूसच लागायचा, आणि बांधावर संडास नसतो. कधी चार-चार दिवस कोठा साफ व्हायचा नाही, पोट फुगून टम्म व्हायचं. कधी चहाचा घोट घेतला की धावावं लागायचं. तिशीतच निदान झालं होतं, आयबीएस. आतड्यात गाठ नाही, जखम नाही, सूज नाही. फक्त त्याचं वागणं बिघडलेलं. यानं माणूस मरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं.

मग त्याच्या खात्यातले चव्हाण गेले. त्यांनाही एका दवाखान्यात आयबीएसच आहे म्हणून सांगितलं होतं. वर्षभर ते इसबगोल घेत राहिले, आणि शेवटी पोट उघडलं तेव्हा मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचलेला होता. त्यांच्या दहाव्याहून परत आलेला हेमंत पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. त्यानं तीनदा दुर्बिणीतून तपासून घेतलं. दर वेळी आतडं स्वच्छ निघालं. दर वेळी थोडे दिवस बरे जायचे, मग कुठंतरी कळ यायची आणि तो जेवता जेवता हात थांबवून वृषालीकडे बघायचा. ती म्हणायची, "काही नाही हो, वायू असेल." वर्षानुवर्षं ती हेच म्हणत आली होती.

वृषाली बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये प्रतवारी विभाग सांभाळायची. यंत्रं दाणे रंगावरून निवडायची आणि ती यंत्रांवर नजर ठेवायची. अलीकडं ती दमायची. जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभी राहायची. पन्नाशी उलटली, पाळी जाऊन वर्ष झालं, दमायला होणारच, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं होतं. शौचाला अधूनमधून रक्त पडायचं. बाळंतपणापासून मूळव्याध होतीच, तेव्हा त्याचंही काही वाटलं नव्हतं.

मिरजेच्या डॉ. नसीमा मुजावर यांच्याकडं हेमंतला ती घेऊन गेली ती नव्या चाचणीचं ऐकून. पोटविकारांच्या तज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव होतं, आणि तासगाव तालुक्यातला सरकारी चाचणी कार्यक्रम त्यांच्याच हाताखाली चालला होता.

"शेडगे, तुमचं दुखणं बडबडं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कॅन्सर बहुतेक वेळा घुमा असतो. आमची पंचाईत अशी, की बोलायला लागले की दोघं सुरुवातीला सारखंच बोलतात. पोट दुखतं, गॅस होतो, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ."

"मग फरक कळायचा कसा?"

"काही खुणा असतात. शौचातून रक्त, काही न करता वजन उतरणं, अंगातलं रक्त कमी होऊन थकवा येणं, पन्नाशीच्या पुढं पोटाची सवय अचानक बदलणं, झोपेतून उठवणारी कळ. यातलं काही आहे?"

हेमंतनं सवयीनं वृषालीकडं पाहिलं.

"नाही," वृषाली म्हणाली. "यांना यातलं काहीच नाही."

"चांगलं आहे. पण खुणांवरच थांबलं तर कधीकधी उशीर होतो. आणि ज्याला त्याला दर वर्षी दुर्बीण घालता येत नाही." त्यांनी टेबलावर बोटभर उंचीची एक बाटली ठेवली. आत पातळ ताकासारखं काहीतरी होतं. "हा आमचा राखणदार."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. माणसाच्या आतड्यात असंख्य जिवाणू सुखानं नांदत असतात. त्यांतलीच एक निरुपद्रवी जात प्रयोगशाळेत बदलून घेतली होती. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रोज झडतात, आणि झडताना त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे आतड्यात सांडतात. हे जिवाणू ते तुकडे आत ओढून घेतात. निरोगी पेशीचा तुकडा असेल तर काहीच होत नाही. कॅन्सरच्या पेशीत मात्र काही ठरावीक जनुकांची अक्षरं चुकलेली असतात. तसा तुकडा सापडला की जिवाणूच्या आतलं एक बटण दाबलं जातं आणि तो एक रंग तयार करायला लागतो. तो रंग रक्तात शोषला जातो, मूत्रपिंडांतून गाळला जातो, आणि लघवी निळी होते. ना यंत्र, ना प्रयोगशाळा. आपली आपण बघायची.

"आयबीएसमध्ये पेशींची अक्षरं बरोबरच असतात," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून तिथं हा गप्प बसतो."

"आणि मग हे कायमचे पोटातच राहणार का?" वृषालीनं विचारलं.

"छे. यांना जगायला एक खास साखर लागते, ती निसर्गात कुठंच मिळत नाही. ती ही भुकटी. सहा आठवडे रोज सकाळी घ्यायची. भुकटी थांबली की सगळे उपाशी मरतात."

ते सहा आठवडे हेमंतनं रोज सकाळी संडासातून हाक मारली. "वृषाली, जरा बघ गं, हा पिवळाच आहे ना?" आणि हातातली पोळी तव्यावर टाकून वृषाली बघून यायची. पिवळाच असायचा. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी हेमंतचा हात हातात घेऊन सांगितलं, "तुम्हाला कॅन्सर नाही. आयबीएस आहे, तो राहील, त्याच्याशी जमवून घ्या." दवाखान्याच्या आवारात, मोटारसायकलला टेकून, हेमंत रडला. येणारीजाणारी माणसं वृषालीकडं कणवेनं बघत होती. त्यांना वाटलं, काहीतरी वाईट निघालं असावं.

भीती गेली आणि हेमंतचं पोटही निवळलं. डोकं आणि आतडं एकमेकांना चिडवत असतात, एक गप्प झालं की दुसरंही होतं, असं डॉक्टर म्हणाल्याच होत्या. तो रस्त्यावर उभा राहून भेळ खाऊ लागला. जेवताना बोलू लागला. ईश्वरी गुवाहाटीला पुलाच्या कामावर इंजिनिअर होती; तिच्याकडं कधी जाणं झालं नव्हतं, कारण एवढा लांबचा प्रवास हेमंतच्या पोटाला मानवणार नाही हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आता त्यानं स्वतःहून तिकिटं काढली.

अशातच एके सकाळी हेमंत सावळजला मोजणीवर गेलेला असताना वृषालीला कमोडमधलं पाणी निळसर दिसलं.

तिला आधी वाटलं, बाईनं संडास धुवायचं औषध जास्त टाकलं असेल. तिनं दोनदा पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी तिनं जॅमची रिकामी बरणी आत नेली आणि नंतर खिडकीत उजेडापुढं धरली. द्राक्षबागेत फवारायला मोरचूद कालवतात, त्या पाण्याचा जो रंग असतो तोच. फिका, पण निळाच. रंग ओळखण्यात तिची हयात गेली होती.

तिनं औषध घेतलं नव्हतं. भुकटीला हात लावला असेल तो हेमंतच्या ग्लासात टाकण्यापुरता. तेव्हा हे शक्यच नव्हतं. पण डॉक्टरांनी त्या दिवशी विचारलेल्या खुणा तिच्या मनात आपोआप एकेक करून पुढं यायला लागल्या. रक्त. थकवा. साडीचे ब्लाऊज सैल झाले होते, त्यावर शेजारणी तिला 'बारीक झालीस' म्हणाल्या होत्या आणि तिला बरं वाटलं होतं. गेल्या दिवाळीपासून शौचाला कुंथावं लागत होतं, आणि समाधान व्हायचं नाही. 'यांना यातलं काहीच नाही' हे तिनं किती सहज सांगितलं होतं. ते खरंही होतं. फक्त विचारणारं कुणी तिच्याकडं वळलं नव्हतं, आणि तीही स्वतःकडं वळली नव्हती.

तिनं बरणी धुतली आणि कचऱ्यात टाकली. कुणालाच काही सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, हे तिला पुढंही नीट सांगता आलं नाही. हेमंत संध्याकाळी गाणं गुणगुणत भाजी निवडायचा, ते तिला मोडवत नव्हतं. गुवाहाटीहून आल्यावर बघू, असं ती मनाला सांगायची. आणि खाली, तळाशी, एक राग होता. इतकी वर्षं एका माणसाच्या पोटाभोवती घर फिरलं. आता ते जरा कुठं थांबतंय, तर माझं सुरू. ती रोज सकाळी दार लावून घ्यायची. रोज निळंच दिसायचं.

कार्यक्रम तालुकाभर वाढवायचा होता. तासगावात सभा ठेवली आणि डॉ. मुजावर यांनी हेमंतला बोलायला बोलावलं. बांधावरच्या माणसाला चारचौघांत बोलायची सवय असते. त्यानं आपल्या पोटाची सगळी फजिती सांगितली. कुणाच्या उसात कधी पळावं लागलं, कोणत्या वऱ्हाडाला त्यानं अर्ध्या वाटेवर थांबवून ठेवलं. लोक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग चव्हाणांचं सांगितलं. "मी आज निर्धास्त आहे," तो म्हणाला, "आणि निर्धास्त असणं काय असतं ते मला बावन्नाव्या वर्षी कळलं." टाळ्या पडल्या. वृषाली बायकांच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

प्रश्नांच्या वेळी एक पिकल्या केसांचे गृहस्थ उठले. "डॉक्टर, माझ्या घरात तान्हा नातू आहे. मी हे औषध घेतलं तर ते त्याला लागेल का?"

"नाही," डॉ. मुजावर म्हणाल्या. "भुकटीशिवाय हे जिवाणू जगतच नाहीत. आजवर एकाही घरात ते दुसऱ्याला लागलेले नाहीत. मी खात्रीनं सांगते."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या भरल्या सभागृहात ही गोष्ट ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, आणि ते गप्प बसलं होतं. ते आजोबा समाधानानं खाली बसले, शेजाऱ्याला काहीतरी म्हणाले, आणि नाव नोंदवायच्या रांगेकडं निघाले. वृषालीला बसवेना.

चहाच्या गर्दीतून तिनं डॉक्टरांना मागच्या व्हरांड्यात बोलावून घेतलं.

"डॉक्टर, ते लागतात."

"काय लागतात?"

"जिवाणू. मला लागलेत."

डॉ. मुजावर हसायच्या बेतात होत्या, पण तिच्या चेहऱ्याकडं बघून थांबल्या. "कशावरून म्हणता?"

"महिना होत आला. रोज सकाळी निळी."

दोन वाक्यं एकदम मनात आली असावीत, आणि कोणतं आधी बोलावं ते त्यांना सुचत नसावं, असं वृषालीला वाटलं. मग त्यांनी हातातला कप कठड्यावर ठेवला आणि कार्यक्रमाचं काहीही न विचारता विचारलं, "रक्त पडतं?"

"पडतं. मूळव्याध आहे म्हणून मी..."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"आणि मी शेडगेंना विचारत बसले होते," त्या म्हणाल्या. "त्यांना ठाऊक आहे?"

"नाही."

"आज सांगा. उद्या सकाळी दोघं या."

घरी आल्यावर हेमंत अजून टाळ्यांच्याच तंद्रीत होता. गळ्यातला हार त्यानं खुंटीला लावला. वृषालीनं त्याला बसायला सांगितलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा सांगवलं नसतं.

"पण तू घेतलंच नाहीस ना?" तो म्हणाला. मग त्याच्या ध्यानात येत गेलं. "महिनाभर? महिनाभर तू मला बोलली नाहीस? चव्हाणांचं काय झालं ते ठाऊक असून?"

"कधी बोलणार होते?" तिचा आवाज एकदम चढला, तिचा तिलाच अनोळखी वाटला. "या घरात दुसऱ्या कुणाचं पोट दुखायला जागा होती का? सकाळी तुमचं, जेवताना तुमचं, प्रवासाला निघताना तुमचं. मी कुठं ठेवू माझं?"

हेमंत उठला आणि संडासात गेला. कितीतरी दिवसांनी ते पोट पुन्हा जागं झालं होतं. वृषाली बाहेर बसून राहिली. बोललेलं परत घ्यावं असं तिला वाटत नव्हतं. तो तोंड धुऊन आला, तिच्याशेजारी बसला.

"त्या दिवशी दवाखान्यात," तो म्हणाला, "डॉक्टर एकेक विचारत होत्या, आणि तू म्हणालीस, यांना नाही. मला तेव्हा 'यांना' हा शब्द ऐकू आला नाही. नुसतं 'नाही' ऐकू आलं."

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मिरजेत दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ दिसली, आतड्याची वाट अर्धी अडवून बसलेली. तुकडा तपासला, कॅन्सरच होता. वृषालीच्या शौचाच्या नमुन्यात राखणदार सापडले, आणि भुकटी थांबवून इतके दिवस झालेल्या हेमंतच्या नमुन्यातही सापडले. जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या बदलत असतात. कुठल्याशा पिढीत त्यांना ती खास साखर लागेनाशी झाली होती. आणि एका घरात राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतली वस्ती हळूहळू सारखी होत जाते. एक संडास, एक टॉवेल, एकाच हातानं वाढलेलं ताट. तेवढं पुरतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉ. मुजावर तिच्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"मी हे वर कळवलं की कार्यक्रम त्याच दिवशी बंद होईल," त्या म्हणाल्या. "किती वर्षं ते सांगता येत नाही. या तालुक्यात ज्यांचं वेळेत कळलं ती माणसं मी रोज बघते. वृषालीताई, तुमचंही यानंच कळलं."

"मग नाही कळवणार?"

"कळवलंय. सकाळीच. तुम्हाला फक्त सांगावंसं वाटलं, की मला ते सोपं गेलं नाही."

ऑपरेशन नीट झालं. गाठ काढली, आतडं जोडलं. निळा रंग गेला, लघवी पुन्हा पिवळी व्हायला लागली. गाठीजवळच्या काही ग्रंथींत कॅन्सरच्या पेशी पोचलेल्या होत्या, म्हणून केमोथेरपी घ्यावी लागली. गुवाहाटीची तिकिटं रद्द केली; ईश्वरीच रजा काढून आली आणि गेली. पुलाचं काम अर्धवट सोडता येत नव्हतं. हेमंत प्रत्येक खेपेला मिरजेला बरोबर असायचा. त्याचं पोट पुन्हा बिघडलं होतं; त्याला मध्येच उठून जावं लागायचं, आणि तो परत येऊन खुर्चीत बसायचा.

इकडं तालुक्यात घरोघर तपासणी झाली. आणखी काही घरांत जिवाणू न मागता पोचलेले निघाले. दोघातिघांना लघवी निळी झाल्याचं आठवलं, आणि त्यांनी ते उन्हावर आणि गोळ्यांवर ढकललं होतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, की मला जाणून घ्यायचं नव्हतं, तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझ्या पोटात शिरायला? आणि वृषाली कामावर परत गेली त्या आठवड्यात कोल्ड स्टोरेजचा एक हमाल तिच्यापुढं येऊन उभा राहिला. "माझ्या बायकोचा चाचणीचा नंबर पुढच्या महिन्यात होता," एवढंच म्हणाला. तिनं त्याला डॉ. मुजावरांचा फोन दिला, दुर्बिणीची तपासणी लवकर व्हावी म्हणून स्वतः बोलली. तरी तो माणूस पुढं तिच्याशी नीट बोलला नाही.

चौकशी समिती सांगलीला बसली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीशबाई होत्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी वृषालीला शेवटी विचारलं, "या जिवाणूंमुळे तुमचा जीव वाचला असण्याची शक्यता आहे. तेव्हा एक मोकळेपणानं सांगा. ते तुम्हाला आधी विचारून दिले असते, तर तुम्ही घेतले असते?"

खोलीत डॉ. मुजावर बसल्या होत्या, हेमंत बसला होता. 'हो' म्हटलं असतं तर डॉक्टरांना किती बळ आलं असतं, हे वृषालीला कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी म्हणाले असते, मला काय झालंय? यांना द्या. आणि मग मी बहुतेक मेले असते. पण मला विचारायला हवं होतं."



समितीनं चाचणी थांबवली, पण मोडीत काढली नाही. नवा, न पसरणारा जिवाणू तयार होईपर्यंत ती कुणालाच द्यायची नाही, आणि पुढं दिली तर सगळ्या घराला विचारून द्यायची, असं ठरलं. ज्यांच्या पोटात जुने राहिले होते त्यांना मारायच्या गोळ्या देऊ केल्या, सक्ती मात्र केली नाही. गोळ्या घ्यायच्या तर सबंध घरानं एकदम घ्यायच्या. नाहीतर एकाकडून दुसऱ्याला परत लागणार.

"तुमच्या बाबतीत मी आग्रह धरणार नाही," डॉ. मुजावर वृषालीला म्हणाल्या. "गाठ परत आली तर हे आमच्या दुर्बिणीच्या आधी सांगतील. ठेवायचे असतील तर स्वच्छतेचे नियम पाळावे लागतील. तुम्ही दोघं ठरवा."

दोघांचं एकमत होईना. हेमंत म्हणायचा, राहू दे. फुकटचा पहारेकरी आहे, घालवायचा कशाला? तो तिच्यासाठीच म्हणत होता, पण सगळं तिच्यासाठी नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. त्याच्याही पोटात ते होते. रोज सकाळी पिवळं पाणी बघून तो दिवस सुरू करायचा. ते गेले की तो पुन्हा नुसत्या कळांच्या हवाली होणार होता.

"पावसाळ्यात पुलाचं काम बंद असतं, ईश्वरी येणार आहे तीन महिने," वृषाली एका रविवारी म्हणाली. "मागं तपासलं तेव्हा तिला लागले नव्हते, या वेळी लागतील. तिला कोणी विचारलंय?"

"तिला फोन करून विचारू. ती हो म्हणेल."

"आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलींना? त्यांच्या घरच्यांना?" ती त्याच्यासमोर बसली. "अहो, मी रोज आत जाते ना, तेव्हा बघायच्या आधी डोळे मिटते. मग हळूच उघडते. मला रोज सकाळी निकाल नको. डॉक्टर सांगतील तेव्हा दुर्बीण घालीन, रक्त देईन, जे निघेल ते निघेल. मधले दिवस मला माझे हवेत."

डोळे मिटून उघडणं काय असतं, ते हेमंतला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपण ते सहा आठवडे तिला तव्यावरची पोळी टाकून यायला कशासाठी लावत होतो, तेही त्याला आता दिसत होतं.

"मी पुन्हा घाबरेन," तो म्हणाला. "तुला सांगून ठेवतो. जेवताना हात थांबेल माझा."

"थांबू दे."

तो उठला, कपाटातून गोळ्यांची दोन्ही पाकिटं काढून आणली. दोन भांडी पाणी ओतलं. एक भांडं तिच्यापुढं ठेवलं, पाकिटाचा कागद फोडला, आणि तिची वाट न बघता आपली गोळी आधी घेतली. मग वृषालीनं घेतली.

गोळ्या जहाल होत्या. दुपारपर्यंत दोघांच्याही पोटात मुरडा उठला. वृषाली कॉटवर कुशीवर वळून पडली. हेमंत गरम पाण्याची पिशवी घेऊन आला, स्वतःचं पोट एका हातानं दाबत, आणि तिच्या उशाशी बसला.

"कसं वाटतंय?" त्यानं विचारलं.

'काही नाही' असं तिच्या ओठांवर आलं होतं.

"दुखतंय हो," ती म्हणाली. "खूप दुखतंय."

त्यानं पिशवी तिच्या पोटाशी लावली, आणि ती कुठं ठेवायची ते ती सांगेपर्यंत हात तसाच धरून बसला.